परधर्माची पोथी : गोव्यापासून गोदाकाठापर्यंत

ख्रिस्ती श्रद्धा माणसाला इतर धर्मांची ओळख करून घेण्यापासून परावृत्त करते, हा आक्षेप जुना आहे. त्याला दिले जाणारे उत्तरही तितकेच जुने आहे, आणि दोन्ही बाजूंना आधार एकाच ग्रंथात सापडतो. नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या १७व्या अध्यायात पौल अथेन्स शहरात हिंडतो, तिथली दैवते पाहतो, ‘अज्ञात देवा’ला वाहिलेल्या वेदीचा उल्लेख करून बोलायला सुरुवात करतो आणि ग्रीक कवींच्या वचनांचा दाखला देतो. याच पुस्तकाच्या १९व्या अध्यायात एफिसस गावातले नवे ख्रिस्ती आपली जादूटोण्याची पुस्तके चव्हाट्यावर आणून जाळतात. त्यांची किंमत ५०,००० चांदीची नाणी भरली, अशी नोंद आहे. दुसऱ्या शतकातल्या जस्टिनला ग्रीक तत्त्वज्ञांच्या विचारांतही ईश्वरी शब्दाचे बीज दिसले. त्याच्यानंतर थोड्याच काळाने टर्टुलियनने विचारले की, अथेन्सचा जेरुसलेमशी संबंधच काय? केवळ शास्त्राकडे पाहून या वादाचा निकाल लागत नाही. निरनिराळ्या परिस्थितीत ख्रिस्ती लोक प्रत्यक्षात कसे वागले, हे पाहावे लागते. मराठी मुलखात त्याचा साडेचारशे वर्षांचा पुरावा आहे.

हा पुरावा तपासताना परभणी जिल्ह्यातले पाथरी नजरेसमोर ठेवणे सोयीचे ठरते. पाथरी हे ख्रिस्ती धर्माचे केंद्र कधीच नव्हते. पण एका धर्मातला माणूस दुसऱ्या धर्माशी कसा वागतो, या प्रश्नाशी या गावाचा फार जुना संबंध आहे. इतिहासकार फेरिश्त्याच्या हकिकतीनुसार पाथरीच्या कुलकर्णी घराण्याशी नाते सांगणारा एक ब्राह्मण मुलगा विजयनगरच्या मोहिमेत बहमनी फौजेच्या हाती लागला, मुसलमान झाला आणि मलिक हसन या नावाने बहमनी दरबारात वर चढला. त्याचा मुलगा मलिक अहमद याने १४९०मध्ये निजामशाही स्थापली आणि पुढे अहमदनगर वसवले. मलिक अहमदचा मुलगा बुऱ्हाण याने वऱ्हाडच्या इमादशाहीकडून पाथरी घेण्यासाठी लढाई केली, ती पूर्वजांचे गाव परत मिळावे म्हणून. शिर्डीचे साईबाबा पाथरीच्या ब्राह्मण घरात जन्मले आणि फकिराने त्यांना वाढवले, ही परंपरा बाबांचे निकटचे भक्त म्हाळसापती यांच्या आठवणींवर उभी आहे; एका धर्मात जन्मून दुसऱ्यात वाढणे, हाच तिचाही आशय आहे. शिवाय पाथरीच्या आसपासचा गोदाकाठ म्हणजे गंगाखेडच्या जनाबाईंचा, पैठणच्या भानुदास-एकनाथांचा आणि दक्षिणेला आंबेजोगाईच्या दासोपंतांचा मुलूख. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी मराठीतून जे परधर्माचे ज्ञान मिळवले, त्याचा सर्वांत समृद्ध भाग याच संतांविषयी आहे. आणि १९४८पर्यंत हा सारा प्रदेश हैदराबादच्या निजामाच्या अमलाखाली होता, म्हणजे मिशनच्या पाठीशी इथे ख्रिस्ती सत्ता नव्हती. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. तिचे महत्त्व गोव्याशी तुलना केल्यावर कळते.

गोव्यात १५१०पासून पोर्तुगीजांची सत्ता होती. १५४०च्या सुमारास तिसवाडीतली देवळे पाडण्यात आली. १५५९मध्ये रोममध्ये पोप चौथा पॉल याने ख्रिस्ती माणसाने वाचू नयेत अशा पुस्तकांची पहिली अधिकृत सूची काढली. नेमक्या त्याच सुमारास गोव्यातले जेझुइट संघाचे कॅथलिक पाद्री मात्र हिंदूंच्या पोथ्या मिळवण्याच्या मागे होते. एका नवख्रिस्ती ब्राह्मणाच्या मदतीने एका विद्वान ब्राह्मणाच्या घरातून त्याने वर्षानुवर्षे जमवलेला पोथ्यांचा संग्रह उचलून आणण्यात आला आणि त्यातल्या मराठी ग्रंथांचे काही भाग पोर्तुगीजमध्ये उतरवले गेले. सक्तीने प्रवचनाला बसवलेल्या ब्राह्मणांना त्यांच्याच ग्रंथांतले दाखले देऊन निरुत्तर करणे, हा हेतू होता. ही चोरी होती आणि अभ्यासही होता. दोन्ही गोष्टी एकाच कृतीत होत्या, त्यामुळे गोव्याचा इतिहास एका शब्दात सांगता येत नाही. पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या ग्रंथालयात आजही रोमन लिपीत लिहिलेली कोकणी आणि मराठी हस्तलिखिते आहेत. रामायण-महाभारताच्या कथा त्यांत गद्यात सांगितल्या आहेत. देवळे पाडणाऱ्या राज्यातल्या पाद्र्यांनी त्या कथा लिहवून घेतल्या, आणि त्यामुळेच सोळाव्या शतकातल्या कोकणी गद्याचा नमुना आज अभ्यासकांच्या हाती आहे.

१५६०मध्ये गोव्यात धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, सुरू झाले. १५६७मध्ये भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने हिंदू विधी आणि धर्मग्रंथ यांवर निर्बंध घालणारे ठराव केले. या वातावरणाचा चटका ज्यांना बसला त्यांत गार्सिया द ओर्ता याचे नाव आवर्जून घ्यावे लागते, कारण तो पाथरीच्या वंशातल्या सुलतानाचा वैद्य होता. ओर्ता १५३४मध्ये गोव्यात आला. बुऱ्हाण निजामशहावर उपचार करण्यासाठी तो अहमदनगरच्या दरबारी जात असे आणि तिथल्या हकीम-वैद्यांशी चर्चा करत असे. भारतातल्या वनस्पती आणि औषधे यांवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३मध्ये गोव्यात छापला गेला. युरोपातल्या मोठमोठ्या वैद्यांना जे माहीत नव्हते ते इथल्या हकीम-वैद्यांना माहीत आहे, असे त्यात तो मोकळेपणाने मांडतो. ओर्ता जन्माने ज्यू कुळातला, बाप्तिस्मा घेतलेला ‘नवा ख्रिस्ती’ होता. १५६८मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारीनाला, गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जाळण्यात आले आणि १५८०मध्ये त्याची स्वतःची हाडे उकरून जाळण्यात आली. परक्यांकडून शिकण्याची वृत्ती आणि ती चिरडणारी यंत्रणा या दोन्ही गोष्टी एकाच शहरात, एकाच पिढीत नांदत होत्या.

मराठी साहित्याच्या दृष्टीने गोव्यातले सर्वांत मोठे नाव फादर थॉमस स्टीफन्स यांचे. हे इंग्रज जेझुइट १५७९मध्ये गोव्यात आले, साष्टीत राहिले आणि १६१६मध्ये राशोल इथे त्यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. जवळपास ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ आहे. त्याच्या आरंभी एक ब्राह्मण विनंती करतो, तिचा आशय असा : जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, त्यांच्या जागी दुसरे काही दिले नाही, मग आम्ही काय वाचावे? या एका प्रसंगात गोव्याची सगळी अडचण उघडी पडते. पुराणे बंद करणारी सत्ता आणि पुराण रचणारा पाद्री एकाच चर्चचे होते. स्टीफन्स यांना ओवी लिहायची होती, म्हणून मराठी ओवीच्या परंपरेत उतरणे त्यांना भाग पडले. स्वर्गासाठी वैकुंठ हा शब्दही त्यांनी निःशंकपणे वापरला. त्यांच्यानंतर फ्रेंच जेझुइट एतिएन द ला क्र्वा यांनी संत पेत्राच्या चरित्रावर तेवढाच विस्तृत ओवीबद्ध ग्रंथ रचला. तो १६२९ ते १६३४ या काळात छापला गेला. त्यांचा हेतू स्टीफन्स यांच्यापेक्षा कडक होता. हिंदू पुराणांचे खंडन त्यांनी बारकाईने केले. पण खंडनासाठीसुद्धा पुराणे पानोपानी वाचावी लागतात, आणि त्यांचे वाचन वरवरचे नव्हते.

ही परंपरा पुढे वाढली नाही. १६८४मध्ये व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द ताव्होरा यांनी तीन वर्षांच्या आत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. १७३६मध्ये इन्क्विझिशनने काढलेल्या जाहीरनाम्यात पेहराव, लग्नातली गाणी, अंगणातली तुळस अशा घरगुती गोष्टींवरही बंदी घातली. ज्या पाद्र्याला लोकांची भाषाच येत नाही त्याला लोकांचा धर्म कळण्याचा प्रश्न उरत नाही. इन्क्विझिशन १८१२मध्ये कायमचे बंद झाले, तोवर गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत शेजाऱ्याच्या धर्माबद्दलचे कुतूहल हे संशयाचे कारण बनून गेले होते.

एकोणिसाव्या शतकातल्या मुंबई इलाख्यात परिस्थिती वेगळी होती. १८१३च्या सनदेने ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली, पण कंपनी सरकार धर्माच्या बाबतीत अलिप्त राहण्याचे धोरण सांगत होते. पाद्र्याला कोणालाही प्रवचनाला ओढून आणता येत नव्हते. लोकांशी वाद घालावा लागत होता, आणि वादात समोरचा उलट प्रश्न विचारू शकत होता. १८२९मध्ये मुंबईत आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३०-३१मध्ये शास्त्र्यांशी जाहीर वाद केले. मोरभट दांडेकर यांनी हिंदू धर्माचे समर्थन करणारे पुस्तक लिहिले, विल्सन यांनी १८३२मध्ये त्याला उत्तर छापले, साताऱ्याच्या नारायणराव यांनी पुन्हा प्रत्युत्तर दिले, विल्सन यांनी १८३४मध्ये दुसरे पुस्तक काढले. विल्सन यांची भाषा या पुस्तकांत बोचरी आहे. हिंदू दैवतांच्या कथांविषयी त्यांना आदर नव्हता. तरी त्यांनी कष्ट मात्र अपार घेतले. १८४३मध्ये त्यांनी पारशी धर्मावर लिहिलेला मोठा ग्रंथ अवेस्ताच्या अभ्यासावर आधारलेला होता. आपल्या ग्रंथांचा अर्थ परक्या पाद्र्याने सांगावा, ही गोष्ट पारशी समाजाला लागली आणि त्या समाजात स्वतःच्या धर्मग्रंथांच्या अभ्यासाला जोर आला. गिरनारचे अशोकाचे लेख, पश्चिम भारतातली लेणी यांच्या संशोधनातही विल्सन यांचा मोठा वाटा होता. पुण्यातले स्कॉटिश मिशनरी जॉन स्टीव्हन्सन यांनी सामवेद इंग्रजीत आणला आणि विठ्ठल संप्रदायाच्या उगमावर लिहिले. जेम्स मरे मिचेल यांनी तुकारामांची कथा इंग्रजीत मांडली.

वादाचा हा रस्ता दोन्ही बाजूंनी वाहत होता. १८५७मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर सभा घेऊन बायबलातली वचने काढून मिशनऱ्यांना प्रश्न केले. अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन यांनी त्या संवादांचे पुस्तक केले. नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांची कहाणी त्याहून विलक्षण आहे. काशीतल्या या चित्पावन शास्त्र्याने आधी ख्रिस्ती धर्माचे खंडन करणारा संस्कृत ग्रंथ लिहिला. खंडनासाठी बायबल वाचता वाचता त्याचे मन फिरले आणि १८४८मध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला. पुढे १८६०मध्ये त्याने षड्दर्शनांवर हिंदीत ग्रंथ लिहून हिंदू तत्त्वज्ञानाची ख्रिस्ती दृष्टीने चिकित्सा केली. दोन्ही बाजूंनी लिहिताना त्याचे हत्यार एकच होते : न्याय आणि वेदान्त यांच्या पाठशाळेत कमावलेले तर्कशास्त्र. धर्मांतराने त्याचे जुने ज्ञान पुसले नाही. त्या ज्ञानाचा रोख बदलला.

याच गोऱ्ह्यांच्या लिखाणाचा पंडिता रमाबाईंवर प्रभाव पडला. रमाबाईंचे उदाहरण सर्वांत अवघड आहे, आणि म्हणूनच टाळता येत नाही. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या मुलीला भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत होते. १८७८मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८३मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे तिने बाप्तिस्मा घेतला. तिथल्या मठातल्या भगिनींनी जे सांगितले तेही तिने निमूट मान्य केले नाही. ख्रिस्ती सिद्धांतांबद्दल तिने त्यांच्याशी पत्रांतून वर्षानुवर्षे वाद घातला. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून तिने संपूर्ण बायबलाचा मराठी अनुवाद केला. १९२२मध्ये तिच्या निधनानंतर, १९२४मध्ये तो पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. या अनुवादात हिंदू धार्मिक छटा असलेले शब्द तिने कटाक्षाने टाळले. स्टीफन्स यांनी ज्या शब्दसंपत्तीचा आधार घेतला तिच्यापासून ही संस्कृत पंडिता दूर राहिली. तिच्यावर कोणाची सक्ती नव्हती आणि तिला अज्ञानाचा दोषही देता येत नाही. विधवांचे केशवपन, बालविवाह, स्त्रीला मोक्षाचा अधिकार नाकारणारी शास्त्रवचने हे सगळे तिने जवळून पाहिले होते. ज्याची पुरती ओळख आहे त्यालाच ठाम नकार देता येतो. रमाबाईंनी पाठ फिरवली ती वाचून झाल्यावर. परधर्माशी संबंध ठेवणे म्हणजे त्याच्याशी सहमत होणे, असे मानले तर रमाबाई समजणार नाहीत.

पाथरीच्या आसपासच्या मराठवाड्यात मिशनचे काम उशिरा सुरू झाले आणि ते निजामी अमलातल्या परवानगीवर अवलंबून होते. या कामातले प्रमुख नाव रेव्हरंड नारायण शेषाद्री यांचे. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या या ब्राह्मण तरुणाने १८४३मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनकडे आला, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले आणि अल्पवयीन मुलाला वडिलांच्या ताब्यात द्यावे असा निकाल लागला; त्या काळात या खटल्याने मुंबई ढवळून निघाली. नारायण शेषाद्री १८६०च्या दशकात जालन्यात आले. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसवले. एका मुस्लिम राज्यात, मुस्लिम दिवाणाने दिलेल्या जागेवर, ब्राह्मण कुळातल्या ख्रिस्ती पाद्र्याने मांग समाजातल्या कुटुंबांसाठी गाव उभारले. यातल्या लोकांना एकमेकांच्या धर्माची काहीच ओळख नसती तर ही घटना घडलीच नसती. १८७३मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या ख्रिस्ती परिषदेत शेषाद्री आपले पागोटे घालून बोलायला उभे राहिले. औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, चर्च मिशनरी सोसायटीचे काम रतनजी नौरोजी या पारशी कुळातल्या ख्रिस्ती पाद्र्याने चालवले. मराठवाड्यातल्या मिशनची धुरा वाहणारी ही दोन्ही माणसे परधर्म घरातूनच शिकून आली होती.

पाथरीच्या कुलकर्ण्यांच्या वंशजाने वसवलेल्या अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, अमेरिकन मराठी मिशन १८३१पासून होते. १८४२मध्ये तिथे ज्ञानोदय हे मिशनचे नियतकालिक सुरू झाले. पहिल्या काही दशकांत त्याचा सूर खंडनाचा होता. तो बदलण्याचे श्रेय ज्यांना द्यावे लागते त्यांत नारायण वामन टिळक हे आघाडीवर आहेत. त्यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. हे बोलणे त्यांच्या काळातल्या अनेक मिशनऱ्यांना रुचण्यासारखे नव्हते, कारण त्यात जुन्या धर्माचा धिक्कार नव्हता. जुन्या धर्मानेच नव्याकडे पोचवले, अशी कृतज्ञता होती. टिळकांनी ख्रिस्ती भक्तीसाठी अभंग, ओवी, कीर्तन ही साधने घेतली, आयुष्याच्या अखेरीस ‘देवाचा दरबार’ हा सर्वांना खुला असा मेळा सुरू केला आणि ‘ख्रिस्तायन’ अपुरे ठेवून १९१९मध्ये ते गेले. ते काव्य त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. नवऱ्याच्या धर्मांतरानंतर पाच वर्षे लक्ष्मीबाई आपल्या सोवळ्याओवळ्यासह हिंदूच राहिल्या. एका संसारात दोन धर्म राहतात तेव्हा काय घडते हे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राइतके प्रामाणिकपणे मराठीत क्वचितच कोणी लिहिले असेल.

विसाव्या शतकाच्या आरंभी प्रोटेस्टंट मिशनांचा सूर एकूणच बदलत होता. १९१०मध्ये एडिंबरोला भरलेल्या जागतिक मिशनरी परिषदेत इतर धर्मांकडे कसे पाहावे, या विषयासाठी स्वतंत्र समिती होती. १९१३मध्ये जे. एन. फर्क्युहार यांनी ख्रिस्त हा हिंदू धर्माचा मुकुट आहे, हे मत मांडणारे पुस्तक काढले. त्यात वरचढपणा होताच. पण मुकुट चढवायचा तर डोके नीट पाहावे लागते. याच वातावरणात पुण्याचे स्कॉटिश मिशनरी निकोल मॅकनिकोल यांनी १९१९मध्ये मराठी संतांच्या १०८ अभंगांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. ज्ञानेश्वर, नामदेव, तुकाराम यांच्या शेजारी गंगाखेडच्या जनाबाईही त्यात आहेत.

या साऱ्या परंपरेतले सर्वांत भरीव काम जस्टिन अ‍ॅबट यांचे आहे. अमेरिकन मिशनरी कुटुंबातला हा मुलगा १८५७मध्ये आईवडिलांबरोबर भारतात आला. पुढे १८८१ ते १९१० अशी सुमारे तीस वर्षे त्यांनी मुंबईत मिशनचे काम केले. निवृत्त होऊन ते न्यू जर्सीतल्या समिट गावी राहायला गेले आणि तिथे त्यांनी ‘महाराष्ट्रातील संतकवी’ ही इंग्रजी ग्रंथमाला हाती घेतली. १९२६मध्ये भानुदास, त्यानंतर एकनाथ, दासोपंत, बहिणाबाई, तुकाराम, रामदास असे खंड एकामागून एक निघाले. संतचरित्रकार महिपतींच्या भक्तिविजयाचे आणि भक्तलीलामृताचे भाषांतर त्यांनी केले. पंडित नरहर गोडबोले यांनी त्यांना साथ दिली. १९३२मध्ये अ‍ॅबट वारले आणि शेवटचे खंड त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले. पैठण, आंबेजोगाई, शिऊर या गोदावरीच्या दोन्ही अंगांच्या गावांतले संत इंग्रजी वाचकाला सविस्तर चरित्रासह भेटले ते या निवृत्त पाद्र्यामुळे. अ‍ॅबट मूळ मराठी ओव्यांशी इमान राखतात. चमत्काराच्या कथाही जशाच्या तशा देतात, मध्येच थांबून त्यांना खोटे ठरवत नाहीत. ज्यांना धर्मांतर करवायचे आहे अशा वाचकांसाठी हे लिखाण नव्हते. माणसाने ज्या भाषेत आयुष्य काढले त्या भाषेतल्या श्रेष्ठ माणसांबद्दलचे हे प्रेम होते, आणि ते करताना आपला ख्रिस्ती विश्वास त्यांना सोडावा लागला नाही.

तरीही या ज्ञानाला एक मोठे भगदाड होते. मिशनरी शिकले ते प्रामुख्याने पोथीतला धर्म : वेद, दर्शने, पुराणे, आणि पुढे संतवाङ्मय. मराठवाड्यात बाप्तिस्मा घेणारे बहुसंख्य लोक मात्र महार आणि मांग समाजातले होते. त्यांचा धर्म मरीआई, म्हसोबा, खंडोबा, पोतराज, जत्रा, नवस यांचा होता. त्याला पोथी नव्हती, म्हणून बहुतेक मिशनऱ्यांच्या लेखी तो अंधश्रद्धेचा ढीग होता. बेथेलसारख्या गावात राहायला आलेल्या कुटुंबाला जे मागे टाकावे लागले, त्याची कोणी आस्थेने नोंद केली नाही. अलेक्झांडर रॉबर्टसन या मिशनऱ्याचे ‘महार लोक’ या विषयावरचे १९३८चे इंग्रजी पुस्तक हा त्याला एक चांगला अपवाद. ब्राह्मण कुळातल्या ख्रिस्ती लेखकाला आपला जुना धर्म मिशनसमोर मांडायला संस्कृत होते, ज्ञानोदय होते. मांगवाड्यातून आलेल्या माणसाला यातले काही नव्हते. आक्षेप घेणाऱ्यांनी या ठिकाणी बोट ठेवले तर ते योग्यच ठरेल.

इस्लामच्या बाबतीतही चित्र फिकेच आहे. पाथरीसारख्या गावांत मुसलमान वस्ती मोठी असताना मराठवाड्यातल्या मिशनचे इस्लामविषयक लेखन नगण्य राहिले. विल्सन यांनी मुंबईत हाजी मुहंमद हाशिम यांच्याशी वाद घालून १८३०च्या दशकात उत्तर छापले, ते खंडनापुरते. १९३०मध्ये लाहोरला स्थापन झालेली, ख्रिस्ती लोकांना इस्लामचा अभ्यास शिकवणारी हेन्री मार्टिन संस्था १९७१मध्ये हैदराबादला आली, तोवर पाथरी हैदराबाद संस्थानातून निघून महाराष्ट्रात येऊन दशक उलटले होते.

रोमन कॅथलिक चर्चमध्ये मोठा बदल विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्तेतर धर्मांविषयीची घोषणा मंजूर केली. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातले काहीही चर्च नाकारत नाही, असे तिच्यात म्हटले आहे. पुढच्याच वर्षी, १९६६मध्ये, निषिद्ध पुस्तकांची चारशे वर्षे जुनी सूची रद्द झाली. महाराष्ट्रात काही जण परिषदेची वाट पाहत थांबले नव्हते. फ्रेंच जेझुइट गी दलरी यांनी वारकऱ्यांबरोबर पायी वारी केली आणि विठोबाच्या उपासनेवरचा त्यांचा प्रबंध १९६०मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने छापला. जर्मन जेझुइट मॅथ्यू लेडर्ले यांनी पुण्यात स्नेहसदन उभे केले, जिथे निरनिराळ्या धर्मांची माणसे एकत्र बसून बोलत, आणि १९७६मध्ये आधुनिक महाराष्ट्रातल्या तात्त्विक विचारप्रवाहांवर ग्रंथ लिहिला. सुमारे चारशे वर्षांपूर्वी त्यांच्याच संघाच्या गोव्यातल्या पाद्र्यांनी पोथी मिळवण्यासाठी राज्याचा हात वापरला होता. दलरी आणि लेडर्ले यांना ती मागून घ्यावी लागली, आणि लोकांनी ती आनंदाने दिली.

जानेवारी २०२० हा महिना या इतिहासात नोंदवण्यासारखा आहे, कारण प्रश्न तोवर उलट्या दिशेनेही विचारला जाऊ लागला होता. १० ते १२ जानेवारीला उस्मानाबादेत, आजच्या धाराशिवात, ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते वसईचे कॅथलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ‘सुबोध बायबल’साठी त्यांना २०१३चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला होता. एका ख्रिस्ती धर्मगुरूने हे पद भूषवू नये, असा विरोध काही गटांनी केला. संमेलन पार पडले आणि अध्यक्षांचे भाषणही झाले. त्याच महिन्यात राज्य सरकारने साईबाबांचे जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासासाठी निधी जाहीर केला आणि त्याला विरोध म्हणून १९ जानेवारीला शिर्डी बंद राहिली. बाबांनी आपली जात आणि धर्म कधी सांगितला नाही, जन्मगाव ठरवले की तेही ठरते, ही शिर्डीकरांची हरकत होती. पाथरीकरांकडे म्हाळसापतींची परंपरा होती. दिब्रिटो यांचे २५ जुलै २०२४ रोजी निधन झाले. पाथरीतल्या साई जन्मस्थान मंदिरात आजही हिंदू आणि मुसलमान अशा दोन्ही धर्मांचे भाविक येतात, आणि जन्मस्थानाचा वाद सुटलेला नाही.